दीड वाजताचं जग

मॅटागोरी खोऱ्यात जग पोचायचं ते दुपारी दीड वाजता. त्याआधी कुठे काय झालं असेल ते इथल्यापुरतं अजून व्हायचं असायचं.

बारा पन्नासच्या गाडीचा गार्ड डनेडिन शहराच्या सकाळच्या पेपरची गुंडाळी चालत्या डब्यातून फलाटावर टाकायचा. एफी गेडिस ती उचलायची, धूळ झटकायची आणि रूळ ओलांडून पोस्टात आणायची. पोस्ट म्हणजे तिच्याच घराची पुढची खोली. एका भिंतीला टपालाचे कप्पे, समोरच्या भिंतीला टेलिफोनचा बोर्ड, मधे एक खुर्ची. चहा ओतून घेऊन, हातात पेन्सिल धरून ती पेपर आधी मनातल्या मनात वाचायची. मग दीडच्या ठोक्याला बोर्डाची मूठ फिरवून एक लांब घंटी द्यायची. इतकी लांब, की मनगट भरून यायचं.

खोऱ्यातली चौदा घरं एकाच तारेवर होती. प्रत्येक घराची घंटी वेगळी. सँडी टेटची तीन आखूड, पर्डींची एक लांब एक आखूड, अगदी टोकाला डोंगराखाली राहणाऱ्या मॅकॅस्किलांची दोन लांब एक आखूड. वाजायच्या मात्र सगळ्या घंट्या सगळ्यांच्या घरी, आणि कोणाला कोणाचा फोन आला हे कळल्यावर तो न ऐकण्याइतकी सभ्यता कोणाकडेच नव्हती. दीडची लांब घंटी सगळ्यांची. शेतावरून जेवायला आलेली माणसं हात पुसत फोन उचलायची. सँडी टेट एकटा जीव, जेवण थांबवायला तयार नसायचा. तो रिसीव्हर कानाला मफलरने बांधून समोर मटणाची ताटली घेऊन बसायचा.

एफी वाचायची. आधी हवा, मग लोकरीचे भाव, मग कोण गेलं, आणि त्यानंतर जग. जिनिव्हातली परिषद, बर्लिनमधला गोंधळ, लंडनमधले संप हे सगळं ती हवामानाच्याच आवाजात वाचायची. जपानमधला मोठा भूकंप तिने तसाच वाचला, एकोणीसशे तेवीस साली. लाखावर माणसं मेली होती. तारेवर कोणीतरी 'अरेरे' म्हणालं, आणि मिसेस पर्डींनी विचारलं की तो बटाट्यांवरच्या रोगाचा मजकूर आजच आहे का. एफीला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. लाख हा आकडा खोऱ्यात मेंढ्यांसाठीसुद्धा कोणी वापरत नसे.

सगळ्यात शेवटी छोट्या जाहिराती. त्या ती स्वतःच्या मजेसाठी वाचायची.

कागदोपत्री हे वाचन नव्हतंच. वर्षातून एकदा टेलिफोन खात्याचा तपासनीस यायचा, त्या दिवशी खोरं शहाण्यासारखं गप्प असायचं. एका वर्षी त्याची गाडी उशिरा सुटली आणि दीड वाजता तो अजून खुर्चीतच होता. एफीने हात मांडीवर ठेवले. एक पस्तीसला कोणीतरी घरून मूठ फिरवली, बोर्डावरचं झाकण पडलं आणि सँडीचा आवाज खोलीभर झाला, "एफी, मेलीस की काय? मटण गार झालं." तपासनीसाने टोपी घातली, खिडकीबाहेर बघितलं, आणि म्हणाला की इथले लोक फार काळजी घेतात वाटतं तुमची. त्याच्या अहवालात यातलं काही आलं नाही.

पुढे रेडिओ आले. आधी पर्डींकडे, मग एकेक करत सगळीकडे, आणि जग दिवसातून पाच वेळा यायला लागलं. वाचन बंद करायचं असं कोणी ठरवलं नाही. एफीच्या लांब घंटीला दहा घरं उचलायची, मग सहा, मग नुसता सँडी. एकोणचाळीस साली युद्ध जाहीर झालं ते चौदा घरांनी चौदा वेगवेगळ्या खोल्यांत ऐकलं. मिसेस पर्डी नंतर म्हणायच्या की बातमी तीच होती, पण ऐकताना शेजारी कोणाचा श्वास नव्हता.

तो श्वास एफीच्या ओळखीचा होता. वाचताना तिच्या कानात घरं उघडी असायची. सँडीचं लंगडत चालणारं घड्याळ, पर्डींचं सर्दी झालेलं मूल, निना मॅकॅस्किलच्या स्वयंपाकघराचं करकरणारं दार. कोण आहे, कोण नाही, हे तिला न विचारता कळायचं.

या खुर्चीत ती बसली ती सोळा साली, तात्पुरती. जागा तिच्या भावाची, वॉल्टरची. तो युद्धावर गेला, परत येईपर्यंत बहिणीने सांभाळावी असं खात्याचं पत्र आलं. सतरा सालच्या ऑक्टोबरात वॉल्टर बेल्जियममध्ये मारला गेला. त्याची तार याच बोर्डावर आली. शहरातल्या वरच्या एक्स्चेंजवरची मुलगी एकेक शब्द सांगत गेली आणि एफी छापील फॉर्मवर पेन्सिलीने लिहीत गेली. शेवटचा शब्द झाल्यावर तिने सगळा मजकूर परत वाचून दाखवला, नियमाप्रमाणे. फॉर्मची घडी घातली, पाकिटात घातला, पाकिटावर 'मिस ई. गेडिस, मॅटागोरी' असं लिहिलं. मग पोचवायला कोणी नव्हतं, आणि पोचवायचं कुठे हेही नव्हतं, म्हणून तिने ते उघडलं.

खात्याने तिची नेमणूक पुढेही तात्पुरतीच ठेवली. बावीस वर्षं.

त्या दिवसापासून तिचा एक नियम झाला. कोणाच्या घरची वाईट बातमी तारेवरून द्यायची नाही. बोर्ड बंद करून ती सायकल काढायची आणि स्वतः जायची. आणि पेपरात कोणाला घासाबरोबर टोचेल असं काही असलं की ते वाचताना गाळायची. जरा थांबायची आणि पुढच्या मजकुराला लागायची. तो थांबा सगळ्यांना ओळखू यायचा. सँडी म्हणायचा, "गाळलं बघ काहीतरी. कोणाचं ते सांग, म्हणजे मी विचारायला जात नाही."

निना मॅकॅस्किल आणि तिची जुनी मैत्री. निनाचा नवरा घोड्यावरून पडून गेला तेव्हा एफी तिच्याकडे पंधरा दिवस राहिली होती. बोर्डाला कुलूप होतं आणि खोऱ्याने तक्रार केली नव्हती. निनाला एकच मुलगी, फ्लोरा. उंच, हाताने चपळ, बोलायला कमी. टपाल न्यायला यायची तेव्हा काउंटरवर पडलेल्या कॅटलॉगातल्या टोप्यांची चित्रं उलटसुलट करून बघायची. टोपी आतून कशी शिवली असेल ते तिला हवं असायचं.

एकोणतीस सालच्या मार्चमध्ये छोट्या जाहिरातींत एक ओळ आली. नेपियर इथे टोप्यांच्या दुकानात शिकाऊ मुलगी हवी, राहण्याची सोय होईल. नेपियर म्हणजे देशाच्या दोन बेटांतलं वरचं बेट, मधे सामुद्रधुनी, दोन दिवसांचा प्रवास. एफीने ओळ वाचली. तारेच्या टोकाला करकरणारं दार थांबलं. एफीने ती परत वाचली.

फ्लोरा मेमध्ये गेली. तिला गाडीत बसवून निना सरळ पोस्टात आली.

"ती जाहिरात दोनदा का वाचलीस?"

एफी म्हणाली की तिला वाटलं मधेच आवाज गेला.

"तुझा आवाज कधी जात नाही, मिस गेडिस," निना म्हणाली.

बारा वर्षं ती एफी म्हणत होती. त्या दिवसापासून मिस गेडिस. फोनवर नंबर सांगायची, आभार मानायची, ठेवायची. दीडच्या घंटीला मात्र टोकाचं दार रोज करकरायचं. निना ऐकायची. पावणेदोन वर्षं ती अशी रोज वीस मिनिटं एफीच्या कानात येऊन उभी राहायची आणि काही न बोलता जायची.

एकतीस सालच्या फेब्रुवारीत जर्दाळू एकदम पिकले. घरोघरी मुरांबा चालू होता, आणि तारेवर वाचताना भांड्यांचा रटरटाट ऐकू यायचा. तीन तारखेला, मंगळवारी, दुपारी वाचन संपल्यावर वरच्या एक्स्चेंजवरची मुलगी म्हणाली की नेपियरकडच्या सगळ्या तारा सकाळी अकरापासून मेल्यात. भूकंप झाला म्हणतात. गावाला आग लागलीय म्हणतात. पुढचं कोणालाच माहीत नाही.

एफीने सायकल काढली. चार मैल चढ, समोरून गरम वारा. वाईट बातमी आहे की नाही हे माहीत नसताना ती पहिल्यांदाच निघाली होती, आणि काय बोलायचं ते वाटेत तिला जुळवता आलं नाही. निना फाटकाशी उभी होती. सायकलवर एफी दिसली की माणसं फाटकाशीच यायची.

"नेपियरला भूकंप झालाय," एफी म्हणाली. "फ्लोराचं काही कळलेलं नाही. कोणाचंच नाही."

निनाने फाटकावरचा हात काढला.

"काही कळलेलं नाही ते सांगायला एवढी दामटत आलीस?"

ती आत गेली. मुरांबा करपल्याचा वास बाहेर येत होता.

बुधवारी पेपर आला तेव्हा पहिलं पान सगळं नेपियरचं होतं. एफीने चहा घेतला नाही. दुकानांचा सगळा भाग जळाला होता, रस्त्यांची नावं दिली होती, त्यात ते नावही होतं ज्यावर ती दर महिन्याला निनाचं पत्र शिक्का मारून पुढे पाठवायची. दीडला तिने घंटी दिली. हवा वाचली. लोकरीचे भाव वाचले, होते तितके. कोणी गेलं नव्हतं. मग ती थांबली, आणि हिंदुस्थानात गांधींना तुरुंगातून सोडल्यानंतर काय चाललंय ते वाचायला लागली. तारेवर एकही भांडं वाजत नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे हिंदुस्थान ऐकत होते.

"एफी," निनाचा आवाज आला. "नेपियर वाच."

एफी म्हणाली की ती संध्याकाळी पेपर घेऊन वर येईल.

"आत्ता वाच. मी बसलेय. काही गाळलंस तर मला कळेल."

मग एफीने वाचलं. दीड पान. आवाज हवामानाचा राहावा म्हणून ती प्रत्येक ओळीला बोट लावत होती. शेवटी नावं होती, मेलेल्यांची आणि दवाखान्यात असलेल्यांची. मॅकॅस्किल कुठेच नव्हतं. यादी अपुरी आहे असं खाली म्हटलं होतं. तेही तिने वाचलं.

गुरुवारी यादी वाढली. एफीने वाचली. 'म'पाशी आल्यावर तिला चौदा घरांत कोणी श्वास घेत नाही असं ऐकू आलं. नाव नव्हतं. तिच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती आणि तिला ती तिथून हलवता येत नव्हती. एक ओळ एकदाच वाचली असती तर मुलगी आज इथे जर्दाळू चिरत असती. बातम्या आपण नुसत्या पोचवतो असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

शुक्रवारी यादी चालू असतानाच बोर्डावर ट्रंकचं, म्हणजे बाहेरगावच्या फोनचं, झाकण पडलं. एफीने वाचता वाचता प्लग लावला. वरची मुलगी म्हणाली, "पामर्स्टन नॉर्थ बोलतंय. मॅकॅस्किल. तीन मिनिटं."

"निना, ठेवू नकोस," एफी म्हणाली. "वरच्या बेटावरून ट्रंक आहे. जोडतेय."

तिने जोडलं. खूप लांबून काहीतरी आलं. घोंगडीखाली कोणीतरी बोलावं तसं. शब्द नव्हते, नुसती बोलण्याची चाल होती.

"कोण?" निना म्हणाली. "कोण बोलतंय? मोठ्याने बोला."

परत ती चाल. परत निना, आता ओरडून, "कोण आहे? मला ऐकू येत नाही."

एफीला ताबडतोब कळलं. तारेवर जितके फोन उचललेले, तितका आवाज बारीक. प्रत्येक फोन त्यातला आपला घोट पितो. गावातल्या गावात ते चालून जायचं, कोणी त्याबद्दल बोलायचंही नाही. पण हा आवाज समुद्राखालून, तीनशे-चारशे मैल येत होता, आणि वाचनासाठी उचललेले तेरा फोन अजून तसेच वर होते. ते चोरून ऐकत नव्हते. खोऱ्यात कोणावर काही आलं की माणसं त्याच्या अंगणात जाऊन उभी राहायची. बोलायचं काही नाही, टोपी हातात घ्यायची आणि उभं राहायचं. ते तसेच उभे होते. आणि आपल्या एकट्याने काय फरक पडतो असं प्रत्येकाला वाटत होतं.

"सगळ्यांनी फोन ठेवा," एफी म्हणाली.

कोणी ठेवला नाही.

"ऐका माझं. तुमच्यामुळे तिला ऐकू येत नाहीये. तुम्हीच पिताय तो आवाज. ठेवा."

एक खट्ट झालं. मग दोन. मग भराभर. मिसेस पर्डी जाताना 'माफ कर गं निना' असं पुटपुटल्या आणि त्यांचंही गेलं. एक घड्याळ लंगडत राहिलं.

"सँडी."

"मी श्वाससुद्धा घेत नाहीये."

"तुझ्या श्वासाचं नाही. फोन ठेव."

"मी इथे आहे हे निनाला कळू दे."

"कळलंय तिला. ठेव, सँडी."

मफलर सोडायला त्याला वेळ लागला. घड्याळ गेलं. आता तार मोकळी होती. आवाज जरा वर आला, पण शब्द अजून फुटत नव्हते. निना रडत नव्हती, ती नुसती 'कोण, कोण' म्हणत होती, एखाद्याने दार ठोठावावं तशी.

तारेवर आता एकच जादा कान उरला होता.

एफीने त्या आवाजात एकदा सगळा जीव घालून ऐकलं. मुलीचा आहे की बाईचा, फ्लोरा बोलतेय की फ्लोराबद्दल दुसरं कोणी, तिला ठरवता आलं नाही. अजून अर्धं मिनिट मिळालं असतं तर कळलं असतं. तिने ऐकायची कळ वर करून आपला कान तारेवरून काढून घेतला.

खोली एकदम मोठी झाली. बाहेर रुळांवर ऊन होतं. यादीवर एक माशी चालत होती, 'म'वरून 'र'कडे. या तारेवरून पंधरा वर्षं जो जो शब्द गेला तो तिच्या कानातून गेला होता. लग्नं, वासरं, भांडणं, बायकांची बाळंतपणं, सगळं. आता हातभर अंतरावर, त्या लाकडी फळीच्या मागे कोणीतरी निनाला काहीतरी सांगत होतं आणि एफीला माहीत नव्हतं. तिने हात मांडीवर ठेवले. तीन मिनिटं झाली. ट्रंक तोडायची घाई असलेली वरची मुलगी का कोण जाणे तोडत नव्हती. चार झाली. पाचव्याला झाकण पडलं. संपलं होतं.

एफीने प्लग काढला आणि वाट बघितली. तेरा घरांतून एकाही घराने विचारायला मूठ फिरवली नाही. त्यांना ती विचारण्याची वेळ वाटली नसणार. तिलाही स्वतःहून मॅकॅस्किलांची घंटी वाजवता येईना. सोळा सालापासून ती कोणालाही न विचारता सगळं जाणत आली होती, कसं विचारायचं हे तिला आठवत नव्हतं.

मग टोकाच्या घरून झाकण पडलं.

"नंबर सांगा," एफी म्हणाली. सवयीने तोंडातून गेलं.

"एफी," निना म्हणाली.

इतक्या वर्षांत निनाचा इतका मोठा आवाज तिने ऐकला नव्हता. जणू ती खोलीतच होती, खुर्चीच्या मागे. तारेवर त्या दोघींशिवाय कोणी नव्हतं. असं पूर्वी कधी झालं होतं ते एफीला आठवेना.

"तू ऐकत होतीस?"

"नाही."

"काहीच?"

"तुला ऐकू येईना म्हणून मीही निघाले."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. निना बसली असावी.

"मग ऐक," ती म्हणाली. "पोरगी आहे. धडधाकट आहे. पायाला लागलंय, पण चालतेय. दुकानातून तिला टोपीचा खोका घेऊन वर टेकडीवर पाठवलं होतं, कोणाच्या तरी बंगल्यावर. ती फाटकात होती आणि फाटकच पळायला लागलं म्हणते. दोन रात्री समुद्रावर काढल्या. मग गाडीत घातलं सगळ्यांना. फोनसाठी काल संध्याकाळपासून रांगेत उभी होती. पुढे चाळीस माणसं."

एफीने समोरच्या यादीची घडी घातली.

"आणि परत येत नाहीये," निना म्हणाली. "मालकीण पत्र्याची शेड टाकून परत दुकान मांडणार आहे. मी म्हटलं, तिथे आता टोपी घालायला कोण उरलंय. तर म्हणते, आई, सगळ्यांच्याच टोप्या गेल्यात." निनाचं हसल्यासारखं काहीतरी झालं. "मी तुला बोलले होते ते मी मागे घेत नाही. तू ती दोनदा वाचलीसच."

"हो," एफी म्हणाली. "मुद्दाम वाचली."

"माहीत आहे मला. आता गप्प बस आणि ऐक, मी पहिल्यापासून सांगते. ती सकाळी उठली, तेव्हा—"

आणि निनाने पहिल्यापासून सांगायला घेतलं. न्याहारीला काय होतं तिथपासून. एफीने डोळे मिटले. दुसऱ्या कोणीतरी तिला बातमी सांगावी आणि तिने नुसतं बसून ऐकावं हे तिच्या आयुष्यात आलं नव्हतं.

खोका घेऊन फ्लोरा टेकडीच्या अर्ध्यावर आली असेल नसेल तेव्हा एफीच्या लक्षात आलं की आवाज जरा बारीक झाला. मग अजून जरा. कुठेतरी सर्दी झालेलं एक मूल सूं सूं करत होतं. एक घड्याळ लंगडत आलं आणि तारेवर उभं राहिलं. मग आणखी कोणी, आणखी कोणी, आणि बघता बघता निना पुन्हा लांब गेली, चार मैल वर, डोंगराखाली.

एफीने तोंड उघडलं, पण निनालाही ते कळलं होतं. ती क्षणभर थांबली. कोणाला काही म्हणाली नाही. घसा साफ केला, आणि मोठ्याने बोलायला लागली.